काळी पाचचे काका

जे. पी. नगरातला पत्ता एका दमात सांगता यायचा तर माणूस निदान एकदा तरी फौजेत जाऊन आलेला हवा. नऊ फेजेस, फेजमध्ये मेन, मेनला क्रॉस, आणि क्रॉस पुरले नाहीत की त्यांनाच ए, बी, सी अशी शेपटं. जयप्रकाश नारायणांचं नाव लावलेल्या या उपनगरात संपूर्ण क्रांती झाली नसेल, संपूर्ण अंकगणित मात्र झालेलं आहे. पुण्याहून येणारा पाहुणा "एखादी खूण सांगा की हो" म्हणून काकुळतीला येतो. आमच्या काकांना या पत्त्याचा अभिमान होता. "खुणा उद्या पाडतील, आकडे राहतील," असं म्हणून ते फोनवर वाट सांगत: बसथांब्यापासून नाकासमोर दोनशे पावलं, उजवीकडे वळ, ऐंशी पावलं, थांब. यातली मेख अशी की त्यांचं पाऊल कवायतीचं, म्हणजे तीस इंचांचं. आमच्या मावशीचं पाऊल तिच्या उंचीला शोभेल असं. त्यामुळे मावशी दर खेपेला चार घरं अलीकडे थांबायची, तिथल्या तेलुगू कुटुंबात कॉफी प्यायची आणि मग आमच्याकडे यायची. पुढेपुढे तर ती तिकडे जेवूनच येऊ लागली.

काका म्हणजे माझे वडील. दुसरे वडील. पहिले मी लहान असतानाच गेले. आई धारवाडची, बंगळुरात एका शाळेत गाणं शिकवायची. काका चंदगड तालुक्यातले. बेळगावच्या मराठा सेंटरमधून फौजेत गेले, पेन्शनीत निघाले आणि इथल्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात लागले. १९८४ च्या सुमारास या दोघांनी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या नातेवाइकांवर आभाळ कोसळलं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा. धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं १८९३ साली. आमच्या मामांपर्यंत ही बातमी पोचायला १९८४ उजाडलं.

मामा म्हणाले, "पोरीला सावत्र बाप आणायचा?"

काकांना इतिहासाचं वेड. त्यांनी शांतपणे सांगितलं, की या बंगळुरात मराठी माणसाचं पहिलं मोठं घर शहाजीराजांचं, आणि त्या घराला सावत्र नाती काही नवी नव्हती. शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे सावत्र भाऊ. महाराज दक्षिणेत उतरले तेव्हा वडिलांच्या जहागिरीच्या वाटणीवरून दोघांत वाजलं, प्रकरण लढाईपर्यंत गेलं, आणि शेवटी तह झाला तेव्हा महाराजांनी बंगळूरचा मुलूख दिला कुणाला, तर व्यंकोजींच्या पत्नीला, दीपाबाईंना, चोळीबांगडीसाठी. "सावत्र भावजयीच्या चोळीबांगडीत दिलेलं हे गाव आहे, दाजी. इथं तुम्ही सावत्रपणाची काळजी करू नका." मामांचा इतिहास कच्चा होता. त्यांनी अक्षता टाकल्या.

पत्रिका कुणी पाहिली नाही. जुळली ती पट्टी. काका फौजी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. बँडचं क्लॅरिनेट 'बी फ्लॅट'चं असतं, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच. आईच्या शाळेत पंधरा ऑगस्टच्या संचलनासाठी पोरांचे पाय जुळवायला काकांना बोलावलं होतं. कोपऱ्यात आई पेटी घेऊन बसलेली. त्यांनी विचारलं, "बाई, तुमची पट्टी कुठली?" आई म्हणाली, "काळी पाच." यावर काका म्हणाले, "मग मला काही बदलायला नको." फौजी माणसाच्या तोंडून याहून प्रेमळ वाक्य निघत नसावं. निदान आईला त्यानंतर कधी याहून प्रेमळ ऐकायला मिळालं नाही, असं ती भाजी निवडताना सांगायची.

पट्टी एक असली तरी मतं एक नव्हती. आईचं म्हणणं, सूर पोचवायचा असतो. काकांचं म्हणणं, तो वेळेवर पोचवायचा असतो. आई आलाप घ्यायला लागली की काकांची नजर घड्याळाकडे जायची. काका समोर नोटेशनचा कागद ठेवून नाट्यपद वाजवायला लागले की आई म्हणायची, "रांगेत उभं केलंत हो गाण्याला." एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेत जाणं काकांना जमत नसे. ते पायरी उतरून जात, आणि उतरण्याआधी पायरी मोजत.

त्यांचं सगळं संगीतशिक्षण पचमढीचं. आर्मी एज्युकेशन कोअरच्या तिथल्या केंद्रात फौजेचा संगीत विभाग आहे. जनरल करिअप्पांच्या पुढाकारानं तो १९५० साली निघाला. चंदगडच्या पावसात वाढलेल्या पोराला फौजेनं उचललं आणि सातपुड्याच्या जंगलात नेऊन त्याच्या हातात क्लॅरिनेट दिलं. काका सांगत, की बराकीत सगळ्यांनी एकदम रियाज केला तर भिंती पडतील, म्हणून उस्ताद प्रत्येकाला एकेक झाड वाटून देत. क्लॅरिनेटला जवळचा साग, बासरीला त्यापुढचा, आणि ट्रॉम्बोनवाल्याला पार दरीच्या टोकाला. सुट्टी मिळाली की धूपगड चढायचं. सातपुड्यातलं ते सर्वांत उंच शिखर, साडेतेराशे मीटरचं. त्यामुळे काकांच्या डोक्यात सूर आणि जंगल यांची फारकत कधी झालीच नाही. सभागृहातलं गाणं त्यांना कुठंतरी अपुरं वाटे. "हवा हलत नाही इथं," अशी त्यांची तक्रार असायची. आई म्हणायची, "पंखा लावायला सांगते."

फौजेतून येताना त्यांनी एक पितळी बिगुल आणला होता, पण सिव्हिल वस्तीत तो वाजवायचा नाही असा त्यांचा स्वतःपुरता हुकूम होता. समोरच्या घरात पहाटे सुप्रभातम् लागायचं, पलीकडे कुकर शिट्ट्या द्यायचा. त्यात आपण भर घालू नये. मग त्यांनी बिगुलाचे सगळे कॉल शिळेवर घेतले. उठायची शीळ वेगळी, जेवायची वेगळी, दिवे मालवायची वेगळी. मला घड्याळ कळायच्या आधी रेव्हेली, म्हणजे उठायचा कॉल, कळायला लागली. आईनं सुरुवातीला नाक मुरडलं, पण सहा महिन्यांत पहिला फुलका उतरला की स्वयंपाकघरातून जेवणाचा कॉल यायला लागला, आणि तो काकांपेक्षा सुरेल असायचा. त्याला बारीकशी मींडही असायची. काका तेवढी चालवून घेत.

एकदा गणपतीच्या आधी आम्ही जयनगर फोर्थ ब्लॉकच्या बाजारात गेलो होतो. ती गर्दी ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायला नको. आई फुलांकडे, मी बांगड्यांकडे, काका केळीच्या खुंटांकडे. निघायची वेळ झाली तशी काकांनी 'फॉल इन'ची शीळ घातली. मी पळत आले, आई आली, आणि हातात कोथिंबिरीची जुडी घेतलेले एक अनोळखी वृद्ध गृहस्थही येऊन आमच्या शेजारी उभे राहिले. त्यांचं त्यांनाच हसू आलं. काकांनी विचारलं, "कौन सी युनिट?" ते म्हणाले, "मद्रास सॅपर्स." सॅपर्सचं केंद्र इथंच, हलसूर तलावाजवळ. तेव्हापासून दर पहिल्या तारखेला हे दोघं मिळून फौजी कँटीनला जात आणि येताना जयनगरच्या शिवाजी मिलिटरी हॉटेलात द्रोणातली बिर्याणी खाऊन येत. आईला ते 'पेन्शनच्या कामाला उशीर झाला' असं सांगत. पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा काकांनी गल्ल्यावर कँटीन कार्ड चालतं का असं विचारलं होतं, ही बातमी त्या सॅपर काकांनी आमच्या घरी फोडली. नावात मिलिटरी असताना सवलत नाही, हे काकांना शेवटपर्यंत पटलं नाही.

रविवारी मात्र सुट्टी नसे. त्या काळी जे. पी. नगरच्या पुढे शहर संपायचं. नीलगिरीची झाडं, नाचणीची शेतं आणि मग सरळ तुरहळ्ळीचं जंगल. काका पाठीवर पिट्टू चढवत. पिट्टूत स्टोव्ह, मग, चहासाखर, भडंग, दोरी, टॉर्च आणि मलमपट्टीचं सामान. चार तासांच्या सहलीला टॉर्च कशाला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "सूर्यावर आपला कंट्रोल नाही." सुरुवातीला मी त्यांच्याबरोबर चालायची नाही. मुद्दाम मागे राहायची, दगड लाथाडत, काटक्या गोळा करत. त्यांनी कधी हाक मारली नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. फक्त त्यांची चाल हळूहळू माझ्या चालीइतकी संथ व्हायची. फौजी माणसाला असं चालणं किती जड जातं, हे मला पुढे कळलं.

पक्षी ते कानानं ओळखत. दुर्बीण होती, पण ती आईच्या गळ्यात. दयाळ गायला लागला की काका डोळे मिटून बोटांनी हवेतल्या हवेत क्लॅरिनेटच्या कळा दाबत. थर्ड फेजमधल्या मिनी फॉरेस्टमध्ये एक तांबट होता. हा पोपटी अंगाचा, कपाळावर लाल टिळ्याचा पक्षी झाडाच्या शेंड्याला बसून टुक टुक टुक असा एकच सूर तासन्‌तास लावतो. काका त्याच्यासमोर घड्याळ धरून उभे राहत. तांबटाचे ठोके मिनिटाला १०८ ते १२१ पडतात, असं पक्षिशास्त्राची पुस्तकं सांगतात. फौजेची जलद चाल मिनिटाला १२० पावलांची. काकांच्या दृष्टीनं हा योगायोग नव्हताच. कवायत माणसानं तांबटाकडून उचलली, असं त्यांचं ठाम मत होतं. "पण मराठ्यांत याची भरती व्हायची नाही," असंही ते म्हणत. मराठा म्हणजे हलकं पायदळ, आणि त्याची जुनी चाल १४० ची. "हा आपला साधा पलटणवाला. कामाला चोख, पण दम कमी."

पुट्टेनहळ्ळीचं तळं मधल्या काळात सुकून कचऱ्यानं भरलं होतं. २०१० नंतर तिथल्या रहिवाशांनी ट्रस्ट काढून ते पुन्हा जिवंत केलं. तोवर काका साठी ओलांडून गेलेले, पण गाळ उपसायची बातमी कळल्यावर सेकंड फेजपासून सेव्हन्थ फेजपर्यंत खांद्यावर फावडं घेऊन चालत गेले. परत आले ते थोडे हिरमुसून. यंत्रं आली होती, फावड्याला काम नव्हतं. मग त्यांनी स्वतःला मोजणीवर नेमून घेतलं. वारकरी किती, हळदीकुंकू बदकं किती, जांभळ्या पाणकोंबड्या किती. ही यादी ते रोज एका वहीत लिहीत आणि शेवटी 'सब ठीक' असा शेरा मारून खाली सही करत.

काकांच्या सगळ्या सहलींतली आईची आवडती आणि माझी नावडती म्हणजे रामनगरची. म्हैसूर रस्त्यावर पन्नासेक किलोमीटर, येझदीवर आम्ही तिघं. १९७५ साली आलेला 'शोले' इथल्याच खडकांत घेतलेला. काकांच्या खिशात माउथ ऑर्गन असायचा, आणि रामनगरच्या खडकावर बसल्यावर तो बाहेर निघाला नाही असं झालं नाही. पडद्यावर तो जय झालेल्या अमिताभ बच्चनच्या ओठांशी असला तरी वाजवला होता भानू गुप्तांनी, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत. वादक विसरला जातो, याचा त्यांना जातिवंत बँडवाल्याचा राग होता. मी लाजेनं दुसऱ्या खडकामागे जाऊन बसायची. तिथून त्यांचं बोलणं ऐकू यायचं.

एकदा वाजवणं थांबवून ते आईला म्हणाले, "जयला मारायचं काही कारण नव्हतं. राधेचा सासरा तयार होता, तिचा बाप तयार होता. गाव काही म्हणत नव्हतं. लिहिणारेच घाबरले."

आई काही बोलली नाही.

"माउथ ऑर्गनवाला जिवंत राहिला तर पुढे काय होतं, ते लोकांना दाखवायला हवं होतं."

आई म्हणाली, "काय व्हायचंय? चहात साखर जास्त पडते." आणि तिनं त्यांच्या हातातला मग काढून घेतला.

घरात पहिल्या वडिलांचा फोटो होता. काका आले त्या आठवड्यात त्यांनी तो उतरवला, तेव्हा मी दारात उभी राहून पाहत होते. त्यांनी जुना वाकलेला खिळा काढला, भिंतीत लाकडी गुटका बसवला, नवा खिळा ठोकला, पाणसळ लावून पाहिलं आणि फोटो पुन्हा जागेवर टांगला. मग दोन पावलं मागे जाऊन, "आता पडणार नाही," एवढंच म्हणाले. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचं नाव त्यांनी कधी बदलू दिलं नाही. खाली पालकांच्या सहीच्या जागी मात्र स्वतःची लांबलचक, हुद्द्यासकट सही. "नाव त्यांचं, सही माझी. हिशेब चोख." वर्गातल्या बाईंना हा हिशेब समजावून सांगताना माझी दमछाक व्हायची. बाई मुळात विचारायच्या ते सहीतलं 'सुभेदार' त्यांना लागत नसे म्हणून.

२००४ साली सेकंड फेजमध्ये रंगशंकरा उभं राहिलं आणि काकांना म्हातारपणी प्रेम जडलं. शंकर नाग यांच्या आठवणीत अरुंधती नाग यांनी बांधलेलं हे नाट्यगृह. दोघांचीही सुरुवातीची उमेदवारी मुंबईच्या रंगभूमीवरची. काकांना या इतिहासापेक्षा तिथला नियम भावला. नाटक ठरल्या वेळी सुरू होतं, आणि सुरू झाल्यावर उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत. तो कुणीही असो. फौज सोडल्यापासून काका असं ठिकाण शोधत होते. कन्नड नाटक असो, इंग्रजी असो, मणिपुरी असो, ते जात. कसं झालं विचारलं की सांगत, "साडेसातला म्हणजे साडेसातला." मध्यंतरी तिथल्या उपाहारगृहात साबुदाणावडा मिळे, आणि बंगळुरात, तेही नाटकाला जाऊन साबुदाणावडा खायला मिळणं म्हणजे राष्ट्रीय एकात्मता, असं ते मानत. एकदा मामा धारवाडहून आले होते. त्यांना रिक्षा मिळायला उशीर झाला आणि ते दाराशी अडले. आत बसलेल्या काकांना हे दिसलं. ते उठले नाहीत. नाटक संपल्यावर बाहेर येऊन त्यांनी मामांच्या हातात एक वडा ठेवला आणि म्हणाले, "दाजी, अक्षतांना वेळेवर आला होतात म्हणून हा."

युद्धाबद्दल ते बोलत नसत. पोरं विचारत, "अंकल, किती जणांना मारलं?" काका म्हणत, "क्लॅरिनेटनं? बऱ्याच जणांना. सगळे झोपेत गेले." पोरांचा विरस व्हायचा.

एका नोव्हेंबरात समोरच्या इमारतीतल्या आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. पाइप टाकायला रस्ता खणलेला, अँब्युलन्स कोपऱ्यावरच अडकली. काका चपला न घालता धावले. कन्नड राज्योत्सवाच्या झेंड्यांचे दोन बांबू, आपलं करडं फौजी ब्लँकेट, आणि पाच मिनिटांत स्ट्रेचर तयार. आजोबांना खाली आणून त्यावर निजवलं. चार कॉलेजची पोरं चारी टोकांना उभी राहिली आणि आपोआप 'लेफ्ट राइट' करत एका पावलानं निघाली. काका ओरडले, "पाय जुळवू नका! पुढच्यांनी डावा, मागच्यांनी उजवा. ताल मोडा. गुडघे मऊ ठेवा." आम्ही चकित. याच माणसानं आमच्या सगळ्यांच्या लहानपणी पाय जुळवण्यापायी आमचा जीव खाल्ला होता. पण पोरांनी ताल मोडला आणि बांबूंमधलं हिंदकळणं थांबलं. खड्डे चुकवत, वेड्यावाकड्या पावलांनी, आजोबा अगदी स्थिर असे कोपऱ्यापर्यंत गेले. पुढे ते चांगले ठणठणीत झाले आणि असोसिएशनच्या प्रत्येक सभेत काकांच्या प्रत्येक सूचनेला विरोध करत राहिले.

त्या रात्री मी विचारलं तेव्हा काकांनी दोन वाक्यांत सांगितलं. लढाई लागली की बँडवाले वाद्यं पेटीत ठेवतात आणि स्ट्रेचर उचलतात, ही फौजेची जुनी रीत. ७१ साली पूर्वेच्या आघाडीवर त्यांनी तेच केलं. तिसरं वाक्य ते बोलले नाहीत. उठून दिवे मालवायची शीळ घातली.

मला मात्र तुरहळ्ळीची वाट आठवली. पाय जुळवून चालणं कुणीही शिकवतं. ज्याला उचलून न्यायचंय त्याच्यासाठी आपली चाल मोडायची असते, हे फार थोड्यांना शिकवलं जातं, आणि शिकवलं तरी येत नाही. जन्मदात्या बापाला हुद्दा आपसूक मिळतो, त्याला परीक्षा नसते. काकांनी ही नोकरी शिपायापासून सुरू केली आणि रोज पहाटे उठून केली.

पुढे छाती साथ देईना, तसं क्लॅरिनेट पेटीत गेलं. माउथ ऑर्गन राहिला. दर २९ जानेवारीला दिल्लीतलं बीटिंग रिट्रीट ते टीव्हीसमोर इस्त्रीचे कपडे घालून पाहत. चूक झाली की कॅमेऱ्याआधी त्यांना कळायची. "तिसरा कॉर्नेट झोपला," असं पुटपुटत. गांधीजींची आवडती 'अबाइड विथ मी'ची धून २०२२ साली कार्यक्रमातून वगळली गेली. आम्ही त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मत दिलं नाही. माजी सैनिक मत देत नाही, मतदान करतो, असं त्यांचं तत्त्व. संध्याकाळी गॅलरीत उभं राहून त्यांनी ती धून माउथ ऑर्गनवर सबंध वाजवली. मधे दोनदा दम घ्यायला थांबले. आईनं आतून सूर धरून ठेवला होता, काळी पाचचा, त्यामुळे थांबल्याचं कळलं नाही.

ते गेले तेव्हा आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. खाली न्यायला चौघं उभे राहिलो. त्यात मी होते, सॅपर काकांचा मुलगा होता, आणि त्या स्ट्रेचरच्या दिवशीची, आता टक्कल पडलेली दोन पोरं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. पुढच्यांनी डावा टाकला, मागच्यांनी उजवा. मामा नव्वदीत. ते धारवाडहून आले आणि वेळेच्या आधी पोचले होते.

काकांच्या वहीतली बदकांची मोजणी आता आई लिहिते. 'सब ठीक' असा शेरा ती मारत नाही, 'बरं आहे' असं लिहिते. तिचं म्हणणं, फौजी शेऱ्यात मींड नाही.

तुमच्याही इमारतीत, गल्लीत, गावच्या पारावर एखादा पेन्शनीतला फौजी असेल. मराठी मुलखात तो असतोच. साताऱ्याकडे तर अख्खं अपशिंगे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखलं जातं. त्याला लढाईबद्दल विचारू नका. किती मारले हे तर मुळीच विचारू नका. काय वाजवायचा, कुठले डोंगर चढला, कुठला पक्षी ऐकला आणि कुणाला उचलून आणलं, एवढं विचारा. तो तुम्हाला चहाला बोलावेल. साडेपाचला बोलावलं असेल तर पाच पंचविसाला जा.